बापाचा धंदा

शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात 'जात' या रकान्याच्या शेजारीपाजारीच आणखी एक रकाना असे : 'पालकाचा धंदा'. जुनी रजिस्टरे चाळणे हा आम्हां शाळामास्तरांच्या नशिबी आलेला उद्योग आहे. दाखला मागावयास माणसे येतात. कुणाला आज्याची जन्मतारीख हवी असते, कुणाला पणज्याची जात. मग कपाटाच्या तळातून वाळवीने कडा खाल्लेले पुठ्ठे बाहेर निघतात. त्या पिवळ्या पानांवरून बोट फिरविताना एक खेळ मला सुचला. धंद्याचा रकाना हाताने झाकून ठेवावा, नुसती जात वाचावी आणि खाली काय लिहिले असेल ते सांगावे. बहुधा चुकत नाही. सुतारापुढे सुतारकी. वरठ्यापुढे कपडे धुणे. चांभारापुढे जोडे. कुणब्यापुढे शेती आणि महारापुढे मजुरी किंवा गावकी. बिचाऱ्या मास्तरास दोन रकाने भरावे लागत. माहिती एकच असे.

पुढची रजिस्टरे उघडावीत तसा हा खेळ अवघड होत जातो. वरठ्यापुढे 'एस. टी. कंडक्टर' येते. सुतारापुढे 'तलाठी', महारापुढे 'शिक्षक', आणि एखाद्या ठिकाणी तर पालकाच्या जागी आईचे नाव व धंदा 'नर्स'. मधल्या काळात असे काय घडले? रेल्वे आली, गिरण्या आल्या, शाळा आल्या हे खरेच. पण त्यांच्याबरोबर कायदेही आले. आणि कायद्यांची ती कहाणी आमच्या वऱ्हाडापुरती का होईना सांगावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

वकिलीचे शिक्षण मजजवळ नाही. मॅट्रिक झालेला मी एक मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. परंतु कादंबरी लिहिणाऱ्यास एक गोष्ट लवकर कळते : पात्राच्या हाती कोणते काम दिले की त्याची निम्मी कथा आपोआप ठरून जाते. मग जेथे ते काम लेखकाने नव्हे, जन्मानेच देऊन टाकले आहे, तेथे माणसाला स्वतःची कथा उरते ती किती?

१

बलुतेदारीविषयी हल्ली दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणास ती सुखी गावगाड्याची गुरुकिल्ली वाटते, तर कुणास नुसती वेठ. मला वाटते, ती मजुरी देण्याची एक पद्धत होती आणि त्याच वेळी एक कुंपणही होते. सुगी झाली की खळ्यावर न्हावी, सुतार, कुंभार, चांभार, मांग, महार येत. ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे ज्वारीच्या पेंढ्या, पायल्या मिळत. दुष्काळात वाटा आटे, पण अगदीच तुटत नसे. हा झाला आधार. कुंपण ते असे की, हा वाटा कामाच्या मोलावर नसून काम करणाऱ्याच्या घरावर ठरलेला असे. सुताराचा मुलगा जोडे शिवू लागला तर त्याला चांभाराचा वाटा मिळत नसे, सुताराचाही जाई.

आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या सुताराने हे सारे अर्थशास्त्र मला एका वाक्यात सांगितले होते. मी त्यास म्हटले, पूर्वी पैसा नव्हता म्हणून बलुते चालत असेल. तो हसला आणि म्हणाला, "तसं नाही गुरुजी. बलुतं होतं म्हून पैसा नव्हता." बलुत्याची ज्वारी घरात खाऊन संपे. ती गाठीला बांधून दुसऱ्या गावी जाता येत नसे, दुकान घालता येत नसे, पोराला अकोल्याला शिकावयास ठेवता येत नसे.

गावगाड्याच्या तळाशी जो महार, त्याचे काम तर मोजताच येत नव्हते. सांगावा नेणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, वाट दाखविणे, चोराचा माग काढणे, मेलेले ढोर ओढून नेणे. आमच्या विदर्भात गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीस 'कोतवाल बुक' म्हणतात. कोतवालाने ठाण्यावर खबर द्यावयाची आणि तेथे नोंद व्हावयाची. कोतवालकी पुष्कळ गावी महाराकडे असे. आज जातपडताळणीच्या कचेरीत लोक ज्या कागदासाठी धडपडतात, तो कागद ज्याच्या पायपिटीने तयार झाला त्याला स्वतःला त्यातले अक्षर बहुधा वाचता येत नसे. आपल्या इतिहासात असे विनोद फार आहेत. मात्र त्यांना हसू येत नाही.

२

इंग्रजांचा वऱ्हाडशी राज्यकारभाराचा संबंध आला १८५३ साली. निजामाने कर्जापोटी हा मुलूख त्यांच्याकडे लावून दिला. त्यापूर्वी वीस वर्षे, १८३३ च्या सनदी कायद्यात, ब्रिटिश पार्लमेंटने एक मोठे वाक्य लिहून ठेवले होते : या देशातील कोणाही रहिवाशास केवळ त्याचा धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरविले जाणार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात तेच आश्वासन पुन्हा आले. नोकरीतील भेदभावाविरुद्ध आपल्या देशात झालेला हा पहिला लेखी उच्चार म्हणावयास हरकत नाही.

पण तो उच्चार गोऱ्या-काळ्यांतील भेदासंबंधी होता. काळ्या-काळ्यांतील भेदाकडे पाहण्याची सरकारला गरज वाटली नाही. उलट जेव्हा सोईचे झाले तेव्हा सरकारनेच तो भेद उचलून धरला. कोरेगावच्या रणस्तंभावर ज्यांची नावे कोरली आहेत, त्या महारांची लष्करातील भरती १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या नव्या शास्त्राखाली बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडावे लागले, आणि तेही दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीमुळे. १८३३ चे वाक्य या साऱ्या काळात कायद्याच्या पुस्तकात सुखाने नांदत होते.

आमच्या वऱ्हाडात कुंपणाला पहिले भगदाड पाडले ते कायद्याने नव्हे, कापसाने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी बडनेरा ओलांडून नागपुरास पोचली. अकोला, अमरावती, खामगाव येथे जिन आणि प्रेस उभे राहिले. सुगीच्या दिवसांत रेच्याला हात लागत आणि रेच्याला जात कळत नव्हती. गावकीतून सुटलेला माणूस तेथे आठवड्याचा रोकड पगार घेऊ लागला. तो पैसा गाठीला बांधता येत होता.

तरीसुद्धा जात गिरणीच्या दाराशी चपला काढून थांबली असे समजू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार सूत खात्यात काम करी. पण विणाई खात्यात, जेथे पगार अधिक, तेथे त्याला मज्जाव होता. कारण असे की, धोट्यातील धागा तुटला म्हणजे तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना या मुद्द्यावर अडविले आणि विणाई खाते खुले करण्याची मागणी पुढे आणावयास लावली. मालक एकीकडे आणि मजूर दुसरीकडे, एवढ्या दोन रंगांत ज्यांना संपाचे चित्र काढावयाचे होते, त्यांना हा तिसरा रंग अडचणीचा होता. या ठिकाणी नोकरीची वाट मालकाने अडविली नव्हती. शेजारच्या मागावर बसलेल्या सोबत्याने अडविली होती.

३

नोकरी मिळणे आणि नोकरी करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यास सरकारी नोकरीत रुजू झाले. महाराज सयाजीराव अनुकूल, शिक्षण कोलंबियाचे, हुद्दा मोठा. पण कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागदपत्रांच्या फायली लांबून टाकीत, आणि सबंध शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. पारशांच्या एका वस्तिगृहात नाव लपवून ते राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि ते मुंबईस परतले. नेमणुकीचा हुकूम कोणी रद्द केला नव्हता. पाणी आणि छप्पर एवढे दोनच प्रश्न सुटले नव्हते.

म्हणूनच १९२७-२८ साली अमरावतीत जे घडले त्याचा नोकरीशी काय संबंध, असे कोणी विचारील तर मी म्हणेन की, फार जवळचा संबंध आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा होता. परिषद चालू असतानाच त्यांचे वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. त्या चळवळीच्या बाजूस उभे राहिलेल्यांत पापळ गावचा एक तरुण बॅरिस्टर होता : पंजाबराव देशमुख. पुढल्याच वर्षी ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी उचलले. त्याच्या जोडीला शिक्षणाची सक्ती आणि शिक्षणासाठी वाढीव कर. लोक रागावले. विहिरीवरून रागावले की करावरून, हे नीट सांगता येणार नाही. दोन्ही राग एकमेकांच्या आडोशाने उभे होते.

विहीर, शाळा आणि नोकरी ही साखळी पंजाबरावांना स्पष्ट दिसत असली पाहिजे. ज्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून एखादा महार तरुण नेमला, त्या गावच्या विहिरीचे पाणी त्याला मिळत नसेल तर नेमणुकीचा कागद तो किती दिवस चाटत बसणार? पंजाबरावांचे श्रद्धानंद वसतिगृह सर्व जातींच्या मुलांसाठी होते. १९३२ साली स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने खेड्यातील शेतकऱ्याच्या पोराला हायस्कुलात आणून बसविले. नोकरीचे दार कायद्याने उघडण्यापूर्वी त्या दारापर्यंत चालत जाण्याची ताकद द्यावी लागते. वऱ्हाडात हे काम शाळांनी केले.

४

मग स्वराज्य आले. राज्यघटनेच्या निर्मितीसाठी बसलेल्या सभेत आमच्या भागातून पंजाबराव देशमुख होते, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेने मंजूर केले, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी नोकरीतील समान संधीच्या कलमावर चर्चा झाली. आज ही दोन कलमे अनुक्रमे १७ आणि १६ या आकड्यांनी ओळखली जातात. कलम १६ म्हणते की, राज्याच्या सेवेत केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही. त्या दिवशी बाबासाहेबांनी सभेपुढे दोन गोष्टींचा मेळ घातला : संधी सर्वांना समान असावी हे तत्त्व, आणि ज्यांना आजवर कारभारात शिरूच दिले नाही त्यांना वाटा असावा ही निकड. राखीव जागा असाव्यात, पण त्या एकंदर जागांच्या अल्प भागापुरत्या असाव्यात, नाहीतर तत्त्वच गिळले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मेळाचे प्रमाण किती, यावर देश आजतागायत भांडतो आहे. पण दोन्ही बाजू त्याच भाषणाकडे बोट दाखवितात.

वरच्या यादीतील 'कूळ' हा शब्द मला विशेष वाटतो. आमच्याकडे कूळ म्हटले की खंडाने शेत करणारा माणूस आठवतो. येथे अर्थ आहे घराणे, वारसा. हा शब्द नुसता गरिबाच्या कामाचा नाही. बाप महारकी करी म्हणून मुलगा महारकीच करील, ही जशी कुळाची सक्ती, तशीच बाप पाटील म्हणून मुलगा पाटील, हाही कुळाचाच हक्क. वऱ्हाडात १९०० च्या पाटील-पटवारी कायद्याने ही घराणेवार वहिवाट जपून ठेविली होती. १९६० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातील गाझुला दशरथ राम राव यांच्या खटल्यात निवाडा दिला की, गावकामगाराची जागा केवळ वंशपरंपरेने देणे घटनेच्या कलम १६ विरुद्ध आहे. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले. तळाच्या माणसाची बेडी आणि वरच्या माणसाची पगडी एकाच शब्दाने उतरविली. वाड्यावर पुष्कळ उसासे टाकले गेले असतील. पण ज्याला आपल्या पोराने ढोर ओढू नये असे वाटते, त्याला शेजारच्या पोराने जन्मतः पाटील व्हावे हेही मान्य करता येणार नाही. हिशेब दोन्हीकडून सारखा हवा.

५

सरकारी कचेरीचा प्रश्न कलम १६ ने सोडविला. गावाचा प्रश्न त्याने सुटत नाही. कारण हे कलम राज्याला बांधते, खासगी माणसाला नाही. खासगी माणसाला बांधणारे कलम १७. त्याच्या आधारे १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हे कायदा देशभर लागू झाला. त्यापूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४७ सालचा असाच एक प्रांतिक कायदा होता. १९५५ च्या कायद्याने देऊळ, विहीर, हॉटेल यांबरोबर आणखी एक गोष्ट गुन्ह्याच्या यादीत घातली : अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास कोणताही व्यवसाय, धंदा अथवा व्यापार करण्यास अडविणे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याने हक्क बजावला म्हणून गाव त्याच्यावर बहिष्कार घालील, त्याला काम नाकारील, त्याच्याशी व्यवहार तोडील, तेही गुन्ह्यात आले.

आता यातली मेख पाहावी. महाराला धंदा करू न देणे हा गुन्हा झाला. पण त्याला त्याचा 'ठरलेला' धंदा करावयास लावणे याचे काय? वऱ्हाडातल्या गावोगावी खरा झगडा तोच होता. मेलेला बैल दारी पडला आहे आणि महारवाड्याने ओढावयाचे नाकारले आहे. मग किराणा बंद, चक्की बंद, शेतातील मजुरी बंद. एकवीस वर्षांनी कायद्याला ही गोष्ट उमगली. १९ नोव्हेंबर १९७६ पासून जुन्या कायद्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झाले आणि त्यात नवे कलम घातले गेले : अस्पृश्यतेच्या कारणाने कोणास झाडलोट करावयास, मेलेले जनावर ओढावयास, कातडे सोलावयास, बाळाची नाळ कापावयास भाग पाडणे हा गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने व्यवसाय-व्यापाराच्या जोडीस 'नोकरी' हा शब्दही स्पष्टपणे आला. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्धचे १९९३ व २०१३ चे कायदे याच वाटेवरचे पुढचे मुक्काम होत.

या ठिकाणी मला गाडगेबाबांची आठवण होते. शेंडगावच्या वरठ्याच्या घरी १८७६ साली जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्याने देह ठेवला. तो ज्या गावी जाई तेथे आधी रस्ता झाडी आणि मग कीर्तन करी. खराटा तोच. एकाच्या हातात तो जन्माबरोबर दिलेला. दुसऱ्याने तो आपखुशीने उचललेला. गाडगेबाबांच्या खराट्याला लोकांनी हार घातले आणि गल्ली झाडणाऱ्याला चहा निराळ्या कपातून दिला, यावरून आपला राग झाडण्याच्या कामावर कधीच नव्हता हे सिद्ध होते.

६

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वऱ्हाडातील हजारो घरांनी बौद्ध धर्म स्वीकारला. गावकीची कामे सोडणे हा त्या धर्मांतराचा एक रोकडा अर्थ होता. पण कायद्याने येथे एक चमत्कारिक वळण घेतले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस त्या यादीतून बाहेर पडला. गावाच्या डोळ्यांत तो होता तेथेच होता. फक्त केंद्र सरकारच्या नोकरीतली राखीव जागा त्याच्या हातून गेली. महाराष्ट्र राज्याने १ मे १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात मात्र हा पेच १९९० साली कायदा होईपर्यंत सुटला नाही. चौतीस वर्षे! तेवढ्या काळात एका पिढीच्या नोकऱ्यांचे वय निघून जाते. धर्मावरून नोकरीत भेद नसावा असे सांगणाऱ्या घटनेच्या छायेतच हे घडले. या मागणीसाठी जे सतत झगडले त्यांत अमरावती जिल्ह्यातील दारापूरचे रा. सू. गवई होते. त्यांचे चिरंजीव भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवृत्त झाले. त्या आसनावर बसलेले ते पहिले बौद्ध.

असाच दुसरा पेच मेळघाटच्या पायथ्याशी होता. विदर्भातील पुष्कळ आदिवासी जमाती यादीत होत्या, पण फक्त काही तहसिलींपुरत्या. अमरावती जिल्ह्यात ती तहसील मेळघाट. म्हणजे एकाच रक्ताचे दोन भाऊ, एक धारणीस राहणारा आणि एक अचलपुरास. पहिला आदिवासी आणि दुसरा नव्हे! घाट उतरला की जमात गळून पडे. १९७६ च्या दुरुस्तीने ही क्षेत्राची अट काढून टाकली. निवासावरून भेद करू नये असे कलम १६ म्हणत होते, आणि यादी नेमके तेच करीत होती.

७

आतापर्यंत मी कायद्याला तारणहाराच्या वेशात उभे केले. पण कायद्यानेच वाट अडविल्याची उदाहरणेही सांगितली नाहीत तर ही कहाणी खोटी होईल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. आमच्याकडे फासेपारधी होते, टाकणकर होते. टाकणकर म्हणजे घरोघर जाती-पाटे टाकून देणारे. दळणाला धार लावणारी ही माणसे. हिंडल्याशिवाय त्यांचा धंदा होत नाही, आणि या कायद्याची हुकमत हिंडण्यावरच. हजेरी द्या, परवाना घ्या, नाहीतर तुरुंग. नागपूरचे एच. जे. खांडेकर यांनी घटनासमितीत या लोकांचे गाऱ्हाणे मांडले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला. पुढे पिठाची गिरणी आली, जाती थांबली. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध्याची शिकार हा गुन्हा झाला. जंगल राखणे अवश्यच होते. पण फास काढून घेतल्यावर त्या हातात दुसरे काय द्यावयाचे, याचे कलम कोणी लिहिले नाही. आजही चोरी झाली की पहिला संशय पारध्याच्या पालावर जातो, आणि संशयिताला नोकरी कोण देतो?

दुसरे उदाहरण महारोग्यांचे. १८९८ च्या कायद्याप्रमाणे सरकारने ठरविलेल्या क्षेत्रात महारोग्याने खाण्यापिण्याचे जिन्नस, औषधे वा कपडे तयार करून विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, भाड्याच्या गाडीत बसू नये. आणि सरकार जाहीर करील ते इतर धंदेही करू नयेत. अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली शहराबाहेर माळावर तपोवन उभे केले आणि ज्यांना धंदा करावयाची बंदी असे त्यांच्याच हातून शेती, विणकाम, सुतारकाम करून घेतले. औषध त्यांच्याजवळ होतेच. पण बरा झालेला माणूस कामावाचून बरा होत नाही, हे त्यांचे खरे निदान. १८९८ चा तो कायदा रद्द झाला २०१६ साली! आणि त्याच वर्षी झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याने, सरकारी नोकरीत राखलेल्या चार टक्क्यांत, कुष्ठमुक्त माणसाचीही गणना केली. एकशे अठरा वर्षे ज्याला दारातून हाकलण्याचा कायदा होता, त्याच्यासाठी त्याच दारात खुर्ची मांडली गेली.

८

शेवटी बायकांविषयी. ज्यांचे नाव पालकाच्या रकान्यात फार उशिरा आले, त्यांचा धंदा नव्हता असे मात्र नाही. वऱ्हाडची शेती बायकांच्या हातांवर चालते. निंदण त्यांचे, कापसाची वेचणी त्यांची. वखर, डवरा, फवारणी पुरुषांची. 'बाईचा रोज' आणि 'माणसाचा रोज' असे दोन शब्द आमच्याकडे इतके रूळलेले आहेत की, बाई ही माणूस नव्हे काय, असे विचारले तर विचारणाराच वेडा ठरेल. सारख्या कामास सारखे वेतन हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २५ सप्टेंबर १९५८ रोजी मान्य केला. त्यावर देशात कायदा झाला १९७६ साली. त्याच कायद्याच्या जोरावर मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्टेनोग्राफर स्त्रीचा खटला १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला. पुढे हा कायदा २०१९ च्या वेतनसंहितेत सामावला. पण वऱ्हाडच्या वावरात त्याची गाडी चिखलात रुतते. कायदा म्हणतो, सारखे काम. शेतधनी म्हणतो, काम सारखे कुठे आहे? निंदण वेगळे, वखरणी वेगळी. मेहनत तराजूत घालून पाहावयास तेथे कोणी येत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत मात्र मातीच्या मापावर मजुरी मिळे. खंती मोजताना ती बाईने खणली की बुवाने हे मापपट्टीला कळत नसे. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मजूर बाईने एकदा मला सांगितले, "आमाले बरोबरीचे पैसे पयल्यांदा सडकीच्या कामावर भेटले."

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २५ जून १९५८ रोजी जिनिव्हास नोकरी व व्यवसायातील भेदभावाविरुद्ध करार केला : वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय वा सामाजिक मूळ यांवरून कोणास संधी नाकारू नये. महाराष्ट्र राज्याचा जन्म झाला १ मे १९६० रोजी. त्यानंतर महिनाभराने, ३ जून रोजी, भारताने तो करार मान्य केला. मात्र सरकारी व खासगी सर्व नोकऱ्यांना लागू पडेल आणि ही सगळी कारणे एकत्र बांधील असा एकच कायदा आपल्याकडे नाही. गोधडी आहे, अस्पृश्यतेचा तुकडा एक, स्त्रियांचा दुसरा, दिव्यांगांचा तिसरा, २०१७ चा एचआयव्ही बाधितांचा चौथा. गोधडीला ऊब असते, पण दोन ठिगळांच्या मधून थंडी शिरते. एखाद्या खासगी पेढीने आडनाव वाचून अर्ज बाजूला ठेवला, तर त्या पोराने कोणते ठिगळ ओढून अंगावर घ्यावे? माझे काही विद्यार्थी पुण्या-मुंबईस मुलाखतींना जातात. परत आल्यावर ते सांगतात की, प्रश्न कामाचे थोडे आणि गावाचे, वस्तीचे फार विचारले. जात विचारणे आता असभ्य झाले आहे. वस्ती विचारणे नाही. यात कुणाला दोष द्यावा हे मला कळत नाही, कारण त्या पोरांच्या हाती नकाराचा कागदसुद्धा नसतो.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दारोदार पणत्या लागलेल्या असतील. पणती कुंभाराच्या चाकावर होते आणि हे चाक आता मोजक्याच घरी फिरते. कुंभाराचा मुलगा इंजिनिअर झाला तर मला आनंदच आहे; त्याचा तो हक्क घटनेने लिहून दिला आहे. पण दुसरा एखादा मुलगा, कोणत्याही घरचा, चाकावर बसू म्हणाला तर? व्यवसायाचे स्वातंत्र्य जसे धंदा सोडण्याचे आहे तसेच धरण्याचेही आहे. बापाचा धंदा सोडणारे वऱ्हाडात पुष्कळ निघाले. दुसऱ्याच्या बापाचा धंदा आवडीने हाती घेणारे, आणि तसे करूनही मान न गमावणारे, मी अजून बोटांवर मोजतो. ती बोटे अपुरी पडू लागतील तेव्हा या सगळ्या कलमांचे काम झाले असे म्हणता येईल.